कॅसिनोत डीलर चुकला आणि फायदा आपला झाला, तर बोलायचं का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी सगळे जमतात. लेकी माहेरी येतात, झोका बांधतात, आमरस होतो, आणि जेवणं आटोपली की गडीमाणसं आंब्याखाली सतरंजी टाकून पत्ते खेळायला बसतात, खानदेशातल्या माणसाला हे काही नवीन नाही. यंदा पत्ते पिसता पिसता माझ्या भुसावळच्या भाच्यानं गोव्याची गोष्ट काढली. मित्रांबरोबर गेला होता, मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या जहाजावर, तिथं ब्लॅकजॅकच्या टेबलावर त्यानं दोन हजार लावले होते आणि त्याचे झाले होते वीस. पत्ते वाटणारी डीलर मुलगी स्वतःचे पत्ते काढत गेली, पंजा, चौका, दुर्री, मग एक्का, मग नव्वी, आणि म्हणाली बावीस, एकवीसच्या पुढे गेली म्हणजे ती हरली, आणि तिनं टेबलावरच्या सगळ्यांना पैसे वाटले. भाच्यानं मनात बेरीज केली तर ती होती एकवीस. म्हणजे खरं तर ती जिंकली होती आणि हा हरला होता. हा गप्प बसला, चिप्स ओढून घेतल्या, पुढचा डाव सुरू झाला.

झालं, तिथून जी चर्चा सुरू झाली ती चहापर्यंत. माझा मोठा भाऊ म्हणाला, "तुन्हं काय जास रे भो, ती चुकनी, तू थोडाच चुकना." वहिनी म्हणाली की हरामाचे पैसे पचत नाहीत. एक जण म्हणाला कॅसिनोवाले तर लुटतातच, चार पैसे आपल्याकडे आले तर बिघडलं कुठं. आणि भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, मावशी, तू बँकेत एवढी वर्षं कॅशवर बसली, तू सांग.

मी त्याला तेव्हा अर्धवट उत्तर दिलं, कारण पोरं खेळायच्या घाईत होती. आता नीट लिहिते, कारण आपल्याकडून जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोरं गोव्याला जातात, तिथल्या टेबलावर बसतात, आणि तिथं नेमकं काय चालतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॅसिनोत जा असं मी कोणाला सांगत नाहीये, उलट नका जाऊ हेच सांगेन, पण जो गेलाय त्याच्यापुढे हा प्रश्न येऊ शकतो.

आधी डीलर म्हणजे कोण ते बघू

आंब्याखालच्या डावात जो पत्ते वाटतो तो स्वतः खेळतही असतो. त्याचे स्वतःचे पैसे असतात, तो विचार करतो, फसवतो, घाबरतो. कॅसिनोतला डीलर तसा नसतो. डीलर म्हणजे पगारी माणूस, पत्ते वाटणं, बेरीज करणं, हरलेल्यांच्या चिप्स उचलणं आणि जिंकलेल्यांना देणं एवढं त्याचं काम. चिप्स म्हणजे पैशाऐवजी वापरायच्या रंगीत चकत्या, काउंटरवर त्या परत देऊन पैसे मिळतात.

ब्लॅकजॅकमध्ये एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जायचं, पण पुढे नाही जायचं. राजा राणी गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा, जसं सोयीचं पडेल तसं. खेळणाऱ्याला पत्ता घ्यायचा की थांबायचं हे ठरवता येतं. डीलरला ठरवता येत नाही. त्याला नियम बांधून दिलेला असतो, सतरा होईपर्यंत पत्ता काढत राहायचा आणि सतरा झाले की थांबायचं. म्हणजे पाच, चार, दोन मिळून अकरा, एक्का आला तर तो एकचाच धरावा लागणार कारण अकराचा धरला तर बावीस होतात, म्हणून बारा, आणि वर नऊ म्हणजे एकवीस. बहुतेक तिनं घाईत कुठंतरी एक जास्त धरला असेल. पाच पाच पत्त्यांची बेरीज, समोर सहा सात माणसं, आजूबाजूला गाणी आणि आरडाओरडा, आणि हे तासन् तास, चूक होणारच, माणूस आहे.

या चुकीचा हिशेबही नीट करा. भाचा म्हणत होता की दोन हजारांची तर गोष्ट. दोन हजार नाही, चार हजार. त्याचे दोन हजार जायला हवे होते ते गेले नाहीत, आणि वर दोन हजार मिळाले. टेबलावर असे पाच जण असतील तर एका बेरजेची चूक पाच ठिकाणी दुप्पट होऊन बसते.

कॅसिनो कमावतो कुठून

कॅसिनो पत्त्यात काहीतरी गडबड करून कमावतो असं बऱ्याच लोकांना वाटतं. त्याला तशी गरजच नसते, त्याची कमाई नियमातच ठेवलेली असते. रूलेटचं उदाहरण सगळ्यात सोपं. ते गोल फिरणारं चाक असतं, एक शून्यवालं चाक घेतलं तर त्यात शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. तुमचा आकडा लागला तर एकाला ३५ मिळतात आणि लावलेले परत. आता समजा तुम्ही सगळ्याच्या सगळ्या ३७ आकड्यांवर शंभर शंभर रुपये लावले, म्हणजे ३,७०० रुपये. एक आकडा लागणारच. त्याचे मिळणार ३,५०० आणि त्याचे लावलेले १००, म्हणजे हातात आले ३,६००. शंभर रुपये कॅसिनोकडे राहिले. ३,७०० वर शंभर म्हणजे साधारण २.७ टक्के. या कापून राहणाऱ्या भागाला हाऊस एज म्हणतात, आपण त्याला घराचा हिस्सा म्हणू. अमेरिकेत दोन शून्यवाली चाकं असतात, तिथं आकडे ३८ होतात पण देतात पस्तीसच, म्हणून हिस्सा ५.२६ टक्के होतो. ब्लॅकजॅक नीट हिशेबानं खेळला आणि टेबलाचे नियम चांगले असले तर हा हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, पण आपली पोरं हिशेबानं खेळतात कुठं, ती अंदाजानं खेळतात, त्यामुळे त्यांचा जास्तच जातो.

म्हणजे रात्रभर खेळत बसलात तर घराचा हिस्सा हळूहळू जाणारच, आणि हे लपवलेलं नसतं. एकाला पस्तीस हे सगळ्यांसमोर ठरलेलं असतं, त्यावर आपण हो म्हणून बसतो.

‘ते लुटतातच, मग मी का सांगू?’

हा सगळ्यात मोठा आक्षेप आणि मला तो मनापासून समजतो, कारण जुगारात घरं बसलेली मी बघितलीयेत, काउंटरवर दागिने सोडवायला येणाऱ्या बायकांचे चेहरे आठवतात. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील.

जळगावच्या सराफ बाजारात जा. तुम्ही दहा ग्रॅमची पोत घेतली, सराफानं सोन्याचा भाव सांगितला आणि वर मजुरी सांगितली. मजुरी जास्त वाटली तर तुम्ही घासाघीस कराल, नाही पटलं तर दुसऱ्या दुकानात जाल, किंवा घेणारच नाही. मजुरीवर सराफाचं दुकान चालतं आणि तुम्हाला ते माहीत असतं. आता बिल करताना काउंटरवरच्या पोरानं काट्यावरचा आकडा वाचायला चूक केली, दहा ग्रॅमचं नऊ ग्रॅम लिहिलं. तुम्ही ते बघितलं. मजुरी जास्त घेतात म्हणून हा एक ग्रॅम माझा, असं तुम्ही म्हणाल का? मजुरीबद्दलची तक्रार मजुरीच्या जागी आहे. ती तुम्ही भाव ठरवताना बोलायची होती. वजनातली चूक हा त्या तक्रारीचा मोबदला होत नाही.

कॅसिनोचंही तसंच आहे. घराचा हिस्सा म्हणजे मजुरी. तो पटत नसेल तर जहाजावर चढू नका, आणि मी तर म्हणते चढूच नका. पण चढलात, टेबलावर बसलात, दोन हजार ठेवलेत, तर तुम्ही म्हणालात की या नियमांनी जे होईल ते मला मान्य. नियमांनी डीलरचे एकवीस झाले होते. बावीस हा आकडा नियमातून आला नाही, एका दमलेल्या माणसाच्या तोंडून आला. तुम्ही पैज पत्त्यांवर लावली होती, तिच्या बेरजेवर लावली नव्हती.

उलटं करून बघा म्हणजे लगेच कळेल. तिचे बावीस झाले असते आणि ती एकवीस म्हणून तुमच्या चिप्स उचलायला लागली असती, तर तुम्ही गप्प बसला असता का? भाच्याला हे विचारलं तर तो म्हणाला, टेबल डोक्यावर घेतलं असतं. मग तेव्हा जो नियम हवा तोच आताही हवा ना.

कॅश शॉर्ट

इथं मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझं या विषयावरचं मत तिथून आलंय.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तालुक्याच्या गावी एका शाखेत कॅशवर होते. कापसाचा सीझन, जानेवारी, काउंटरसमोर रांग दारापर्यंत, व्यापाऱ्यांचे चेक वटवायला शेतकरी आलेले, तेव्हा बहुतेक सगळं रोखीतच चालायचं. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर कॅश जुळवायला बसले तर पन्नास हजार कमी. पाचशेच्या शंभर नोटांची एक गड्डी गायब. मी मोजलं, परत मोजलं, ओल्या स्पंजवर बोटं दाबून दाबून बोटांची टोकं पांढरी पडली, ड्रॉवर काढून उलटा केला, टेबलाखाली कागद चाळले. ट्यूबलाइटखाली मी आणि हेडकॅशियर दोघंच उरलो. बँकेतला नियम साधा असतो, कॅश जास्त आली तर ती बँकेच्या खात्यात जमा करून ठेवायची, कमी आली तर कॅशियरनं भरायची. त्या दिवशी मी माझ्या बचत खात्यातलं होतं नव्हतं ते काढलं, दोन सहकाऱ्यांकडून उसने घेतले आणि भरले. घरी जाऊन कोणाला सांगितलं नाही, जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी एक म्हातारे शेतकरी पायरीवर बसलेले. पहिल्या एसटीनं आले होते. खांद्यावरच्या उपरण्याच्या गाठीतून गड्डी काढली, तिच्यावरची कागदी पट्टीसुद्धा फाटलेली नव्हती, आणि म्हणाले, "ताई, हाई गड्डी तुमनी शे. रातभर झोप उनी नही." त्यांनी घरी जाऊन मोजलं तेव्हा कळलं होतं. त्यांना बँकेशी काही देणंघेणं नव्हतं, बँकेनं त्यांना कर्जासाठी किती फेऱ्या मारायला लावल्या होत्या ते मला माहीत होतं. ते बँकेसाठी आलेच नव्हते. रांगेत त्यांनी माझा चेहरा बघितला होता, एवढंच.

म्हणून भाच्यानं सांगितलेल्या त्या डीलर मुलीचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, असेल बावीस तेवीस वर्षांची. कॅसिनो मोठा आहे, श्रीमंत आहे, चार हजारांनी त्याला काही होत नाही, हे सगळं खरं. पण चूक कॅसिनोच्या नावावर लिहिली जात नाही. प्रत्येक टेबलावर वरून कॅमेरे असतात, त्यांचं चित्रण तपासणारी माणसं असतात, आणि चूक सापडली की ती त्या टेबलावर त्या वेळी उभ्या असलेल्या डीलरची म्हणून धरली जाते. वारंवार झाली तर नोकरीवर येतं. आपण समजतो की आपण कंपनीकडून पैसे घेतले, आणि कंपनीच्या आणि आपल्या मधे एक पगारी माणूस उभा असतो.

‘समोरच्याची चूक पकडणं हाच तर खेळ’

हा आक्षेप पोरांचा. बुद्धिबळात समोरच्यानं वजीर उघडा टाकला तर मी मारणारच, कबड्डीत समोरचा घसरला तर मी पकडणारच. बरोबर आहे. पण बुद्धिबळातला समोरचा निर्णय घेत असतो आणि त्याचा निर्णय चुकतो. वर बघितलं ना, डीलरला निर्णयच नसतो. तो पत्ते वाचून बेरीज सांगतो, म्हणजे त्या क्षणी तो पंचाच्या जागी असतो. स्कोअर लिहिणाऱ्यानं माझ्या नावावर दहा धावा जास्त लिहिल्या तर तो माझा खेळ झाला नाही.

मुंबईत १९८० च्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत गुंडाप्पा विश्वनाथ कर्णधार होते. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं, विश्वनाथना खात्री होती की बॅट लागलेली नाही, त्यांनी त्याला परत बोलावलं. टेलरनं मग बोथमबरोबर मोठी भागीदारी केली आणि इंग्लंडनं तो सामना दहा गडी राखून जिंकला. वडीलधाऱ्यांना अजून आठवतं ते. पंचाची चूक आपल्या बाजूनं पडली तर ती आपली कमाई नाही, हे त्या माणसानं भरल्या स्टेडियममध्ये दाखवलं, हरायची किंमत देऊन.

एक गोष्ट मात्र मी वेगळी धरते. कधी कधी डीलरच्या हातून उलटा ठेवायचा पत्ता चुकून दिसतो. तुम्ही तुमच्या खुर्चीवर सरळ बसलात आणि तो डोळ्याला पडला, तर त्यात तुम्हाला कोणी जास्त पैसे दिलेले नाहीत, दिसलेलं विसरायला कोणी सांगू शकत नाही. मी स्वतः सांगून टाकेन, पण कोणी नाही सांगितलं तर त्याला मी पैसे ठेवून घेणाऱ्याच्या रांगेत बसवणार नाही. मात्र दिसणं वेगळं आणि दिसेल असं घडवून आणणं वेगळं. फिल आयव्ही नावाचा नावाजलेला अमेरिकन खेळाडू, त्यानं एका साथीदाराबरोबर २०१२ मध्ये लंडनच्या एका कॅसिनोत पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखला आणि डीलरला वेगवेगळी कारणं सांगून ठराविक पत्ते फिरवून ठेवायला लावले. ७७ लाख पौंड जिंकला. कॅसिनोनं दिले नाहीत, तो कोर्टात गेला, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही फसवणूकच, कारण त्यानं डीलरला बोलून पत्त्यांची मांडणी आपल्या सोयीची करून घेतली होती.

अटलांटिक सिटीतले ४१ डाव

चूक पूर्णपणे कॅसिनोच्या बाजूची आणि खेळणाऱ्यांनी काहीच केलं नाही, असंही एक गाजलेलं प्रकरण आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी नावाचं कॅसिनोंचं गाव आहे. तिथं एप्रिल २०१२ मध्ये एका कॅसिनोत बॅकराच्या टेबलावर पत्त्यांचे नवे जोड आले. बॅकरामध्ये दोन बाजू असतात, कुठली बाजू नऊच्या जवळ जाईल त्यावर पैसे लावायचे. हे पत्ते कारखान्यातून पिसूनच यायचे होते, पण ते न पिसलेले आले, आणि कॅसिनोत कोणी तपासलं नाही. त्यामुळे पत्ते त्याच त्याच क्रमानं पडायला लागले. खेळणाऱ्यांच्या ते लक्षात आलं. दहा डॉलर लावणारे पाच हजार डॉलर लावायला लागले आणि लागोपाठ ४१ डाव जिंकले. सगळे मिळून १४ खेळाडू आणि पंधरा लाख डॉलरच्या वर रक्कम.

प्रकरण कोर्टात गेलं. आधी निकाल खेळाडूंच्या बाजूनं झुकला, बऱ्याच लोकांना तेच योग्य वाटलं, चूक कॅसिनोची तर भरू दे. पण २०१५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की न पिसलेल्या पत्त्यांचा खेळ हा राज्याच्या नियमात बसणारा खेळच नाही, त्यामुळे ते डाव झालेच नाहीत असं धरायचं, खेळाडूंनी जिंकलेलं परत करायचं आणि कॅसिनोनं त्यांनी लावलेले मूळ पैसे परत करायचे.

मला यात मोलाची वाटते ती ही कल्पना की खेळ म्हणजे त्याचे नियम. नियम मोडून पडले, मग ते कोणाच्याही चुकीनं असो, की समोर उरतो तो खेळ नसतो आणि त्यातून आलेला पैसा जिंकलेला पैसा नसतो. आंब्याखाली सुद्धा आपण हेच करतो. वाटताना एखाद्याला पत्ता जास्त गेला की सगळे ओरडतात, फेका, परत वाटा. ज्याला चांगले पत्ते आले होते तोही फेकतो, कुरकुरतो पण फेकतो.

आपल्याकडचा कायदा

हे थोडक्यात सांगते. गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आहे, त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलात मशीनवरच्या खेळांना आणि १९९६ मध्ये जहाजावरच्या कॅसिनोंना वाट करून दिली, म्हणून माणूस डीलर असलेली टेबलं मांडवीतल्या जहाजांवर असतात. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता पण तो कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचंच ठरवलं. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आखाजीला पोलिसांच्या धाडी पडतात त्या त्याच्यामुळे.

आता चुकून मिळालेल्या पैशाबद्दल. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम ७२, त्याचा अर्थ सरळ आहे, ज्याला चुकीनं पैसे किंवा वस्तू दिली गेली त्यानं ती परत करायची. देणाऱ्याचा निष्काळजीपणा होता म्हणून घेणाऱ्याचा हक्क तयार होतो असं त्यात नाही. आणि दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. बिहारमधल्या खगडिया जिल्ह्यात २०२१ मध्ये एका माणसाच्या खात्यात ग्रामीण बँकेकडून चुकून साडेपाच लाख जमा झाले, त्यानं ते खर्च केले, परत द्यायला नकार दिला, आणि त्याला अटक झाली, पेपरात सगळीकडे आलं होतं. तेव्हा खात्यात चुकून आलेले असोत की युपीआयवर अनोळखी नंबरवरून आलेले असोत, आले म्हणजे आपले असं समजू नका.

पण शेजारच्यांचं काय?

हा प्रश्न भाच्यानं विचारला आणि मला तो सगळ्यात अवघड वाटला. त्या डावात फक्त त्याला नाही, सगळ्या टेबलाला पैसे मिळाले होते. तो बोलला असता तर त्याच्या मित्रांच्याही चिप्स परत गेल्या असत्या, आणि शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते ज्यांनी म्हणे वीस हजार लावले होते. तो म्हणाला, मावशी, तो माणूस मला तिथंच धरून बसला असता.

भीती खरी आहे आणि ती भीती वाटली म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. रात्रीची वेळ, अनोळखी लोक, काही जण प्यायलेले. पण बोललास तर तू त्यांचं काही काढून घेत नव्हतास, ते पैसे त्यांचे झालेच नव्हते, हे समजून घे. चूक सगळ्या टेबलाला लागू होत असेल तर बोलावंच. चूक फक्त शेजारच्याच्या हिशेबातली असेल, म्हणजे त्याला एकट्याला जास्त दिले, तर मी आधी त्यालाच हळूच सांगेन, तुम्हाला जास्त आलेत बहुतेक, आणि पुढचं त्याच्यावर सोडेन. दुसऱ्याच्या खिशाची चौकी करायला मी बसलेली नाही. पण शेजारच्याला कमी दिले असतील आणि त्याच्या लक्षात आलं नसेल, तर मात्र लगेच आणि मोठ्यानं.

टीप देऊन गप्प बसलं तर?

कोणीतरी सुचवलं की जास्त आलेल्यातले हजार रुपये डीलरलाच टीप द्यायचे, तिचंही भलं, आपलंही भलं. असं चुकूनही करू नका. कॅमेऱ्यात काय दिसेल बघा, डीलरनं एका माणसाला नको ते पैसे दिले आणि त्या माणसानं लगेच तिला पैसे दिले. हे संगनमत दिसतं. तिनं बेरजेची चूक केली होती, तुम्ही तिला चोर ठरवून आलात.

बोलायचं कसं

एक, हात चिप्सना लावायचा नाही. निकाल लागल्यावर खेळणाऱ्यानं टेबलावरच्या चिप्स हलवणं हीच एक जुनी लबाडी आहे, त्यामुळे चांगल्या हेतूनं परत सरकवल्या तरी गैरसमज होतो. जे करायचं ते तोंडानं.

दुसरं, लगेच. पत्ते टेबलावर असेपर्यंत. डीलर पत्ते गोळा करतात ते ठराविक क्रमानं, म्हणून एखादा डाव परत मांडून बघता येतो, पण पुढचा डाव वाटला गेला की गुंता वाढतो. डीलर सहसा दिलेले पैसे स्वतःच्या मनानं परत घेत नाही, तो वरिष्ठाला बोलावतो, त्याला पिट बॉस म्हणतात, तो पत्ते बघतो, लागलं तर कॅमेऱ्याचं चित्रण मागवतो आणि निर्णय देतो. पत्ते समोर असतानाच चूक सुधारली तर ती डावातल्या डावात मिटते, डीलरवर पुढे फारसं काही येत नाही. तासाभरानं वर चित्रणात सापडली तर ती दुसऱ्याच स्वरूपात खाली येते.

आणि शब्द जपून. "तुम्ही चुकलात" म्हणायची गरज नाही. कित्येकदा चूक आपलीच असते, बेरीज आपण चुकलेलो असतो किंवा त्या टेबलाचा एखादा नियम आपल्याला माहीत नसतो. एवढंच म्हणायचं, "मॅडम, एक बार टोटल फिरसे देखेंगे?" आपल्या फायद्याची चूक असो की तोट्याची, वाक्य हेच.

आता फोन करू का?

परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, चार हजार बाजूला काढून ठेवलेत, कॅसिनोला फोन करून सांगू का, आणि सांगितलं तर त्या मुलीला त्रास होईल का.

मी बराच वेळ विचार केला. त्या रात्री टेबलावर बोलला असता तर तिला दोन मिनिटांची अडचण झाली असती, आता बोलला तर तिला केबिनमध्ये बोलावतील, ही उशिराची किंमत आहे आणि ती भाच्याला नाही, तिलाच पडणार आहे. म्हणून मी म्हटलं, फोन कर, पण टेबल नंबर, वेळ, डीलर कोण, यातलं काही स्वतःहून सांगू नको. माझ्याकडे हिशेबापेक्षा चार हजार जास्त आलेत, ते परत कुठं भरायचे, एवढंच विचार. त्यांनी खाते नंबर दिला तर भर आणि पावती घे.

तो म्हणाला, आणि त्यांनी खोदून खोदून विचारलं तर? मी म्हटलं, तर खरं सांग, आणि सोबत हेही सांग की तिनं चूक केली तेव्हा मी बघत होतो आणि गप्प बसलो.